उठवो, उचलो नव्हे

प्रिय जोएल आणि मारिया,

"मासी, कॅन्सर छे, पण डाह्यो छे," इथले गुजराती डॉक्टर म्हणाले. डाह्यो म्हणजे गुजरातीत गुणी, सांगितलेलं ऐकणारा. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पालक ज्यांना गुणी म्हणतात ती मुलं वर्गात काय करतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी पिशवीतली वही काढली आणि म्हटलं, "सावकाश सांगा. लिहून घेते."

तुम्हाला तेव्हा फोनवर "गळ्यात गाठ आहे, काढतील" एवढंच सांगितलं होतं. आता सगळं पार पडलं आहे, तर नीट क्रमाने लिहिते, तुमची मम्मी वाचून दाखवेल. पुढे कधी तुमच्यावर किंवा तुमच्या माणसांवर अशी वेळ आली, तर वाट ओळखीची वाटावी.

गाठ मला मानेला पावडर लावताना लागली. दुखत नव्हती. आधी सोनोग्राफी झाली, मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. सुई मुंगीपेक्षा जास्त आणि विंचवापेक्षा कमी लागते. चार दिवसांनी रिपोर्ट आला, पॅपिलरी कार्सिनोमा. थायरॉइडचा हा कॅन्सर बहुधा हळू वाढतो. उपाय होता टोटल थायरॉइडेक्टॉमी, म्हणजे ती ग्रंथी पूर्ण काढायची आणि पुढे रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची.

इथपर्यंत वहीतलं माझं अक्षर सरळ आहे. मग डॉक्टर म्हणाले की ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते, रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह, आणि गाठ तिला खेटून आहे. "आवाज बसू शकतो. बहुतेकदा परत येतो. कधी कधी नाही येत." ती ओळ वहीत वाकडी गेली आहे.

मला आपली रविवारची फोनवरची जपमाळ आठवली. तुमची सकाळ, आमची संध्याकाळ. पहिला अर्धा "नमो मरिये" माझा, दुसरा अर्धा तुमचा. खरं सांगायचं तर तुमचं मराठी आता बरंचसं तेवढ्यापुरतंच उरलं आहे. माझा आवाज गेला, तर ते मराठी आणि ती प्रार्थना तुमच्याशी कोण बोलणार? आजोबा जपमाळेच्या पाच रहस्यांपैकी, म्हणजे टप्प्यांपैकी, दुसऱ्यालाच डुलकी काढतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दाखल झाले. पाच वाजता आपले फादर आले, गळ्यात जांभळा पट्टा, हातात तेलाची छोटी डबी. मीच बोलावलं होतं, पण आजोबांना सांगायचं राहिलं. एवढी याद्या करणारी बाई मी, आणि नेमकं हेच राहिलं.

आजोबा दारात आडवे उभे राहिले. "फादर, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलं? मला का नाही सांगत कुणी?"

"काका, काही नाही सांगितलं. मी रुग्णाभ्यंगाला आलोय."

"आमच्या नगरकडच्या गावात फादर तेल घेऊन आले, की मागोमाग सुतार यायचा. पेटीचं माप घ्यायला!"

फादर हसले, पण त्यांनी आजोबांचा हात धरला. "तेव्हा लोक अगदी शेवटी बोलवायचे, काका. हा आजाऱ्याचा संस्कार आहे, मेलेल्याचा नाही."

आजोबा बाजूला झाले, पण भिंतीला टेकूनच. फादरांनी माझ्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. बिशपांनी पवित्र आठवड्यात आशीर्वादित केलेलं साधं ऑलिव्हचं तेल. प्रार्थनेच्या शेवटी ते म्हणाले, प्रभू तुला तारो आणि उठवो.

"काय म्हणाले?" आजोबांनी मला विचारलं. "उठवो की उचलो?"

"उठवो."

"नक्की? उचलो नाही ना?"

"काका," फादर म्हणाले, "उचलायचं खातं माझ्याकडे नाही."

तेव्हा कुठे आजोबा खुर्चीत बसले आणि डोळे पुसून फादरांना म्हणाले, "मग मलाही थोडं लावा. गुडघा फार दुखतो."

मुलांनो, मला त्या वेळी काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त एवढं कळलं: आवाज राहो वा जावो, मी एकटी आत जाणार नव्हते. सकाळी तयारी करायला आलेली सिस्टर धुळ्याची होती. कपाळाकडे बघून म्हणाली, "मावशी, हे तेल पुसावं लागेल हं. चालेल ना तुमच्या देवाला?" मी म्हटलं, "पूस बाई. काम झालंय त्याचं."

ऑपरेशन तीन तास चाललं. मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "मासी, नाव सांगा." तोंडातून नुसती हवा आली. नस शाबूत होती, पण दुखावली होती. लॅरिंगोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीने घसा पाहिला. एक स्वरतंतू हलत नव्हता. "वाट बघू," ते म्हणाले. आधी दिवस, मग आठवडे. स्पीच थेरपिस्टसमोर बसून मी बालवाडीसारखी "ईऽऽ" म्हणायचे आणि तेही ऐकू येत नसे. रडलेही, एकदाच. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मात्र चांगला आला, आणखी उपचार लागले नाहीत.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी तुमच्या मम्मीला मेसेज केला की जपमाळ राहू दे. जोएल, तू फोन केलासच. म्हणालास, "आजी, तुझा पार्ट मी करतो." तुला तो कुणी शिकवला नव्हता. मी जिथे थांबते तिथेच तू थांबत होतास. उच्चार चुकत होते, आणि एरवी मी प्रत्येकाला टोकलं असतं. आता टोकायला आवाजच नव्हता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी ती प्रार्थना नुसती ऐकली.

सहाव्या रविवारी पहिला अर्धा मारियाने घेतला. पहिली दहा "नमो मरिये" झाली, "पित्याला, पुत्राला" झालं, आणि मारिया त्याच गंभीर सुरात म्हणाली, "जोएल, सरळ बस. पाय खाली."

दर दहा मण्यांनंतर मी जोएलला हे बजावते, आणि ती इतकी वर्षं समजत होती की तेही प्रार्थनेतच आहे.

मी हसले. आणि हसण्याला आवाज होता! घोगरा, फाटका, पण खोलीभर. आजोबा दचकून जागे झाले. मग मारियाने विचारलं, "आजी, तू आहेस?"

"आहे," मी म्हटलं, आणि तो शब्द तुमच्यापर्यंत पोहोचला.

आता मी नीट बोलते, फक्त वरचे सूर लागत नाहीत. देवाचे, डॉक्टरांचे, धुळ्याच्या त्या मुलीचे आभार मी रोज मानते. आणि पहिला अर्धा आता तुमच्याकडेच ठेवा. मी उत्तर देईन.

तुमची आजी