भजनाच्या शेवटी उरलेलं गाणं

माझा सासऱ्यांवर फार जीव होता, अशी आमच्या घरात समजूत आहे. साफ खोटं आहे ते. पण आता या वयात ते खोडून काढायला जावं तर लोक मलाच वेडी म्हणतील. म्हणून इथे लिहून मोकळी होते.

लग्नाआधी मी वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. माझ्या शेजारच्या टेबलावर वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण होती, चर्चमध्ये गाणारी. तिच्याकडे अमेरिकेतल्या एका काळ्या गायकाच्या प्रेमगीतांची कॅसेट होती. त्यातली सगळी गाणी तिने मला डब्याच्या सुट्टीत ओळ न् ओळ समजावली. "रडत नाहीये गं तो," ती म्हणायची, "तिला विचारतोय, राहशील का माझ्याजवळ?" बाईला कुणी असं विचारतं, हेच मला नवीन होतं. आमच्या तुळिंजच्या चाळीत पुरुष विचारत नसत, सांगत. लग्न करून ती आखातात गेली तेव्हा ती कॅसेट मला देऊन गेली. पुढे तिचा ठावठिकाणाही राहिला नाही.

मग मी नायगावला, खाडीकाठच्या शेतकरी घरात सून म्हणून आले. ह्यांनी मला "राहशील का" सोडाच, "जेवलीस का" असंही कधी विचारलं नाही. दारू नाही, मारझोड नाही. माणूस चांगला, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. दुपारी घर आडवं झालं की मी टेप अगदी बारीक करून तांदूळ निवडत बसायची. तेवढा वेळ कुणीतरी मला विचारत असे. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

सासरे गावच्या भजनी मंडळाचे बुवा. आवाज खणखणीत, ते मान्य. एका गणपतीत आईला बरं नव्हतं म्हणून मी दोन दिवस माहेरी गेले, आणि नेमकं तेव्हाच ह्यांच्या मनात आलं की बाबांची भजनं भरून ठेवावीत. घरात कोरी कॅसेट नव्हती. विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या कडेला दोन खाचा असतात. त्यांवर सेलोटेप चिकटवली की खुशाल भरा. हे शहाणपण तेव्हा घरोघरी होतं. ह्यांनी माझी कॅसेट उचलली आणि चिकटवली सेलोटेप.

मी आले तर मला समोर बसवून टेप लावला. डबीवर माझ्या गायकाचा फोटो आणि आतून सासऱ्यांचं भजन!

"अहो, ही माझी होती."

"इंग्लिश तर होती. तुला काय कळतंय त्यातलं? दुसरी आणून देईन."

सासरे आशेने माझ्याकडे बघत होते. "कसा आलाय आवाज, पोरी? घसा बसला व्हता, पानी पिऊन पिऊन गायलो."

मी म्हटलं, छान आलाय. काय म्हणणार होते? दुसरी आजतागायत आलेली नाही.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी सासरे दमले होते. "बस झाला, बंद कर," असं म्हणतात, खट्ट होतं, आणि त्यापुढे माझ्या गायकाच्या शेवटच्या गाण्याच्या चार ओळी तशाच राहिल्या होत्या. त्याच, विचारण्याच्या.

दिवाळीच्या आत सासरे गेले. कॅसेट देव्हाऱ्यात गेली, तिच्यावर हळदकुंकू चढलं. आता ती फक्त श्राद्धाच्या दिवशी, पानं वाढण्याआधी वाजायची. टेपपाशी मलाच बसवत. भाऊबंद डोळे पुसत. भजन संपून ते गाणं सुरू झालं की सासूबाई ओरडायच्या, "बंद कर गो ते कोकलना!" मी बटण सापडत नसल्याचं सोंग करायची. तोवर चार ओळी होऊन जायच्या. वर्षाला चार ओळी. हसू नका, त्यांवर मी बारा वर्षं काढली.

पुढे सीडी आल्या. भाऊजींनी परस्पर तुळिंजच्या दुकानातून भजनांची सीडी करून आणली. "वहिनी, शेवटची ती घाण पण काढून टाकली बघा."

"आणि कॅसेट?" मी विचारलं.

कुंकू लागलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? निर्माल्याबरोबर खाडीत सोडायचं ठरलं होतं. "मला द्या ना, मी ठेवते," मी म्हटलं. आयुष्यात त्या घरात मी मागितलेली ती एकच वस्तू. ह्यांनी वर बघितलंही नाही. "आता काय करायचीय? सीडी आहे ना," म्हणाले.

भरतीच्या वेळी सगळे खाडीवर गेलो. ह्यांनी निर्माल्याची पिशवी पाण्यात उलटी केली. कॅसेट क्षणभर तरंगली आणि बुडाली, आणि मी तिथेच चिखलात बसून हंबरडा फोडला. सासरे गेले तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, कवरी माया व्हती हिची सासऱ्यावर!"

ह्यांनी मान डोलावली. काय झालं, म्हणून विचारलं नाही.