लाली, मैना आणि माझी डॉक्टरकी

चहा घ्या आधी, बिस्किटं पण घ्या. मूर्खपणाची गोष्ट रिकाम्या पोटी ऐकू नये. आणि पोटाचा विषय तर पुढे येणारच आहे, कारण ही गोष्ट एका कोंबडीच्या पोटाची आहे. म्हणजे अगदी पोटाचीही नाही, पोटाच्या जरा वरची.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो, पण त्या तीस मजली टॉवरांत नाही. त्यांच्या मागे जुनं गाव आहे, तिथे चार मजल्यांची आमची बिल्डिंग. ज्यांच्या जमिनीवर ती उभी आहे त्या गुलाबकाकी खालीच राहतात. सत्तरीच्या आहेत. यजमान गेले, मुलगी कल्याणला दिली. आता घरात काकी आणि मागच्या अंगणात दोन कोंबड्या, लाली आणि मैना. लाली काकींची जास्त लाडकी. तिच्या बरोबरची सगळी पिल्लं मांजराने नेली, ही एकटी वाचली. काकींनी तिला पदराखाली घेऊन वाढवली.

मागच्या उन्हाळ्यात काकींच्या मुलीचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. काकींना आठवडाभर कल्याणला जाणं भाग होतं, आणि नेमकी तेव्हाच लाली आजारी. कोंबडीच्या गळ्याखाली एक पिशवी असते. दाणा आधी तिथे साठतो, मग हळूहळू पोटात उतरतो. लालीच्या पिशवीतलं खाली उतरत नव्हतं.

"सुनील, तुझ्या भरवशावर ठेवून जातंय रं," काकी रिक्षात बसता बसता म्हणाल्या. "तिच्या गल्याला हात लावून बगायचा. पिशवी रिकामी पायजे. भरलेली लागली का समजायचं, उतरलं नाय."

आणखीही काहीतरी म्हणाल्या. पण रिक्षा चालू होती, मागून पाण्याचा टँकर हॉर्न देत होता. मी हात हलवून म्हणालो, "काळजी करू नका काकी, समजलं."

समजलं नव्हतं. पण एवढ्याशा कामात न समजण्यासारखं असतं काय, असं मला वाटलेलं.

मी वागळे इस्टेटला एका कारखान्यात माल तपासायला असतो. पहिली पाळी. सकाळी सहाला घर सोडतो तेव्हा कोंबड्या खुराड्यात झोपलेल्या असतात. वर्षा, म्हणजे माझी बायको, साडेसातला त्यांना बाहेर सोडते, दाणा टाकते आणि शाळेत शिकवायला जाते. तेव्हा तपासणी संध्याकाळी करायची, असं मी ठरवून टाकलं.

सोमवारी संध्याकाळी अंगणात गेलो. दोन्ही कोंबड्या तांबड्या. काकींना त्या दोन वेगळ्या बाया वाटतात, मला मात्र एकीची झेरॉक्स दुसरी. एक धावत माझ्याकडे आली, दुसरी तुळशीच्या कुंडीमागे बसून राहिली. जी आली तिला उचललं आणि गळ्याखाली हात लावला.

लिंबाएवढी गाठ.

हीच लाली. दुसरीला हात लावून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. दिवसभर हजार नग तपासणारा माणूस मी, पण घरी एक नग सदोष सापडला आणि तपासणी तिथेच थांबवली.

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एक बाई सांगत होती, पिशवी कडक असेल तर तेल पाजा. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, पिलपिलीत असेल तर दही द्या. मी परत दाबून बघितलं. ना कडक, ना पिलपिलीत, मध्यम. मग तेलही दिलं आणि दहीही. वर दहा मिनिटं मालिश.

रात्री तिला वर आमच्या गॅलरीत आणलं. टीव्हीच्या खोक्यात जुनी चादर घातली आणि आजारी माणसाचं पथ्य म्हणून मऊ गुरगुट्या भात ठेवला. मंगळवारी घरी आलो तर वर्षा म्हणाली, "तुझ्या पेशंटने दोन वाट्या भात खाल्ला. तिसऱ्या वाटीसाठी ओरडत होती. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली."

"आजारात भूक टिकून आहे, चांगलं लक्षण," मी म्हणालो.

पिशवी बघितली. गाठ तशीच, उलट जरा मोठी. मालिश पंधरा मिनिटं केली. तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, वेदना. नंतर कळलं की ते सुख होतं.

खाली दुसरी मात्र दिवसभर एका जागी बसून होती, पिसं फुगवून, मान आत ओढून.

"सुनील, मला ही जास्त आजारी वाटते," वर्षा म्हणाली.

"अगं, मैत्रीण वर गेली ना, एकटी पडलीय. प्राण्यांना पण मन असतं."

वर्षाने माझ्याकडे बघितलं. वीस वर्षांच्या संसारात या नजरेचा अर्थ मला कळतो, पण मी तो कळून घेत नाही. मी त्या एकटीला बरं वाटावं म्हणून मूठभर बाजरी टाकली, डोक्यावरून हात फिरवला. तिने दोन दाणे टिपले आणि परत मान आत घेतली. मी हात फिरवला तो डोक्यावर. चार बोटं खाली फिरवला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

काकींचा रोज संध्याकाळी फोन यायचा. मुलीची तब्येत एका वाक्यात, मग लाली.

"खातंय का काय?"

"खातेय काकी, चांगली दोन वाट्या."

"दोन वाट्या?" काकींचा आवाज एकदम हलका झाला. "मंग बरी झाली पोर. चार दिस दान्याला तोंड लावलं नव्हतं तिनं. तुझ्या हाताला गुन हाय रं."

मला संकोच वाटला, कारण गाठ काही जात नव्हती. ते मी सांगितलं नाही. ऑपरेशनवाल्या मुलीपाशी बसलेल्या बाईला कशाला घोर लावायचा?

"आन मैना?"

"ती जरा उदास आहे."

"मैना उदास? ती तर राक्षशीन हाय. परवा कुत्र्याच्या ताटलीतलं खाऊन आली."

इथे तरी ट्यूब पेटायला हवी होती, तुम्ही म्हणाल. नाही पेटली. मी मनात म्हटलं, बघा, दणकट दिसणारी माणसंच आतून हळवी असतात.

गुरुवारी मात्र मी घाबरलो. तीन दिवस मालिश करूनही गाठ हटेना, आणि खालची तर उभीही राहीना. अर्धा दिवस रजा टाकली. भाजीच्या मोठ्या टोपलीत पेशंटला ठेवलं, आणि दुसरीलाही सोबत म्हणून शेजारी बसवलं. मैत्रीण जवळ असली की धीर येतो, असा माझा हिशोब. दोघींवर वर्षाची जुनी ओढणी बांधली आणि रिक्षा केली.

खोपटला एसटी डेपोच्या मागे प्राण्यांचा एक दवाखाना आहे. बाकावर दोन कुत्रे, एक मांजर आणि त्यांची माणसं. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. मी माझं सांगितलं, तर म्हणाली, "तुमचं नाही, पेशंटचं." मी लालीचं नाव आणि काकींचं आडनाव दिलं. वीस मिनिटांनी आतून पुकारा झाला, "लाली भोईर." दोन्ही कुत्र्यांचे मालक माझ्याकडे वळून बघायला लागले.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत. मी पेशंटला टेबलावर ठेवून सगळी हकीकत सांगितली. तेल, दही, मालिश, पथ्य. त्यांनी गळा दाबून बघितला, चोच उघडून वास घेतला, पंख उचलून बघितले.

"शेवटचं कधी खाल्लं हिने?"

"आत्ता निघताना. वाटीभर भात."

"मग हा तोच भात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हिला काहीही झालेलं नाही. कोंबडीने खाल्लं की पिशवी भरते, आणि रात्रीत रिकामी होते. तपासायचं ते सकाळी, दाणा टाकायच्या आधी. तुम्ही जेवून उठल्यावर स्वतःच्या पोटाला हात लावला तर ते सपाट लागेल का?"

मी नकळत पोट आत घेतलं.

मग त्यांचं लक्ष टोपलीकडे गेलं. "आणि ही कोण?"

"ही सोबत आलीय. जरा उदास आहे."

डॉक्टरांनी ओढणी बाजूला केली, तिला उचललं आणि गळ्याखाली बोटं ठेवली. त्यांचा चेहरा बदलला. माझा हात धरून तिथे लावला. लिंबू कसलं, दगड होता. घट्ट, गार, न हलणारा.

"ही उदास नाहीय," त्या म्हणाल्या. "ही उपाशी आहे. तुमची लाली ही."

मला तिची बाजरी आठवली, मी प्रेमाने टाकलेली.

मालिशने सुटण्यापलीकडे गेलं होतं. जागा बधिर करून बारीक छेद द्यावा लागला. मी टोक धरून ठेवलं होतं ओढणीचं, आणि बघत नव्हतो. आतून वाळक्या गवताचा आणि सुतळीचा एक बोळा निघाला. चार टाके पडले. डॉक्टर म्हणाल्या, "आज नुसतं पाणी. उद्यापासून थोडं थोडं मऊ. अजून एक दिवस गेला असता तर कठीण होतं." टेबलावर मैना तेवढ्यात कापसाचा बोळा खायला निघालेली, तो मी हिसकावून घेतला.

त्या संध्याकाळी काकींचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. लपवून काय करणार, टाके तर दिसणारच. काकींनी एवढंच विचारलं, "जिती हाय ना?"

"आहे काकी. आत्ता पाणी प्यायली."

"मंग झालं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी काकी आल्या. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी त्यांनी लालीला मांडीवर घेतलं, टाक्यांवरून बोट फिरवलं. लाली त्यांच्या कोपरात डोकं खुपसून बसली. सोमवारी पहाटे मी कामावर निघालो तेव्हा काकी खुराड्याशीच होत्या. "रिकामी हाय," म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले.

मग त्यांनी कनवटीचा लाल दोरा काढला आणि लालीच्या पायात सैलसर बांधला.

"काकी, दोरा कशाला? तुम्हाला तर दोघी अंधारात पण ओळखू येतात."

"मना येतंय वलखाया," काकी गाठ मारत म्हणाल्या. "यो तुझ्यासाठी बांधतंय. पुढच्या महिन्यात परत कल्यानला जायाचं हाय मना."

म्हणजे एवढं होऊनही त्या माझ्यावरच सोपवणार होत्या. मला भरून आलं. या वेळी अर्धवट ऐकून चालणार नाही, एकेक गोष्ट नीट विचारून घ्यायची, असं मी मनाशी ठरवलं आणि लगेच विचारलं, "म्हणजे काकी, दोरा असलेली ती लाली, बरोबर? की मैना?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग मान वर केली आणि आमच्या गॅलरीकडे बघून हाक मारली, "वर्षा, जरा खाली येतेस का गं?"