कुरळ्या मिशांची पेशंट

“इले खरूज झाली जी, डॉक्टरबाई. हात नोका लावू.”

इतवारीतले भांड्यांचे व्यापारी नामदेवराव माझ्या टेबलावर टोपली ठेवत म्हणाले. टोपलीतून आधी दोन मोठे कान वर आले, मग दोन मोठे डोळे, आणि पाठोपाठ जेमतेम अडीच किलोची मांजर उडी मारून थेट माझ्या खांद्यावर. ओळख ना पाळख! केस आखूड आणि कुरळे, पोटाशी तर विरळच. मिशा तुटक्या, वाकड्या. नाव शेवई. नामदेवरावांची मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली, तेव्हा शेवईला वडिलांच्या हवाली करून गेली. घरात आता ही दोघंच.

“दुकानात गिऱ्हाईक दूर पळून राहिले. पोरगी रोज फोनवर इचारते, शेवई कशी आहे. काय सांगू तिले?”

मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी पाहिल्या. निवृत्तीनंतर नागपुरात छोटं क्लिनिक टाकलं. गोठ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधीपासून? नेमका तोच मी त्या दिवशी गिळला. केसपेपरवर ‘जात’ असा रकाना असतो. मांजर म्हटलं की माझा हात तिथे आपोआप ‘देशी’ लिहितो. तेही लिहून मोकळी झाले.

त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली. खरजेचे किडे नव्हते. काही फंगस ज्या दिव्याखाली हिरवी चमकते, तो दिवा अंगभर फिरवला. काही चमकलं नाही. इथे शहाण्या माणसाने थांबून विचार केला असता. मी मात्र तिचे केस लॅबला पाठवले, बुरशी उगवते का ते पाहायला.

“रिपोर्टला दोन आठवडे लागतील. तोवर वेगळ्या खोलीत ठेवा. जवळ घ्यायचं नाही.”

“अजिबात नाई?”

“अजिबात नाही.”

चौथ्या दिवशी सकाळी नामदेवराव तिला दुपट्ट्यात गुंडाळून धापा टाकत आले. “वरच्या खोलीत ठेवली होती जी. पयल्या दिवशी दाराशी रडली. मंग चूप झाली. तीन दिवस झाले, अन्नाले तोंड नाई लावलं.”

डिसेंबरची थंडी, बंद खोली आणि अंगावर नावापुरते केस. थर्मामीटर नव्व्याण्णववर थांबला. मांजराला शंभराच्या वर हवं. त्यात मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतावर चढते. मग वाचवणं कठीण.

पुण्याला माझा एक वर्गमित्र फक्त मांजरांचं काम करतो. त्याला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

“अगं, ही डेव्हन रेक्स. परदेशी जात. केस जन्मापासून असेच असतात. मिशाही. हा रोग नाही.”

“मग जेवत का नाही?”

“ठेवलीस कुठे?”

मी सांगितलं. “ही मांजरं माणसाला चिकटून जगतात गं. तू हिला एकटीला कोंडलंस?”

फोन ठेवून मी नामदेवरावांना विचारलं, “केस असे कधीपासून आहेत?”

“आली तवापासून. मले वाटलं, रोग संगच घेऊन आली.”

“माझं चुकलं, नामदेवराव. हिला काहीही झालेलं नव्हतं.”

त्यांनी दुपट्टा तिच्याभोवती आणखी घट्ट केला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

कातडीखाली कोमट सलाइन दिलं, मळमळीचं इंजेक्शन दिलं. उकडलेलं चिकन पुढे ठेवलं. तिने तोंड फिरवलं. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागणार होती, आणि एवढ्याशा अशक्त जिवाला ते झेपेल याची मला खात्री नव्हती.

“स्वेटरच्या आत घ्या तिला,” मी म्हटलं.

शेवई स्वेटरमध्ये गडप झाली. गळ्याशी फक्त कान दिसत होते. अर्ध्या तासाने आतून बारीक घुरघुर ऐकू आली. मी चिकनची वाटी सरकवली. “आता हे बोटावर घेऊन द्या.”

नामदेवरावांनी वाटीकडे पाहिलं. या माणसाच्या घरात कधी अंडं आलेलं नाही. चेहरा कडू झाला, पण बोट वाटीत बुडालं. शेवईने हुंगलं. चाटलं. दुसऱ्या वेळी तिने बोट येईपर्यंत वाटच पाहिली नाही, स्वतःच मान बाहेर काढली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही. लपवण्यात अर्थ नव्हता.

लॅबचा रिपोर्ट यथावकाश आला: बुरशी नाही. तोवर शेवई दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांच्या मांडीत उड्या मारायला लागली होती. पळणारी माणसं आता मुद्दाम थांबत होती. कोंडणाऱ्या माणसाकडे पुन्हा तितक्याच विश्वासाने जाणारा जीव मी तोवर पाहिला नव्हता. गाईसुद्धा सुई लक्षात ठेवते.

जनावराचं काय बिघडलंय हे शोधण्याआधी न बिघडलेलं जनावर कसं दिसतं, ते माहीत असावं. हे मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं. शेवई बोटावरचं चिकन खायला लागली, त्या दिवशी औषधांच्या यादीत मी शेवटी लिहिलं होतं: दिवसभर अंगाशी घेणे.

नामदेवरावांनी चष्मा लावून वाचलं. “किती दिवस जी?”

“ती आहे तोवर,” मी म्हटलं.