गायिकेचा रकाना

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो बाबांच्या स्वेच्छानिवृत्तीमुळे. बँकांनी माणसं कमी करायला घेतली होती आणि बाबांनी अर्ज भरला, कारण शेजारच्या टेबलावरच्यांनी भरला होता. मग दोन महिने घरात बसून ते भाजीतल्या मिठापासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्यात चुका काढू लागले. त्यांना विरंगुळा म्हणून कॉम्प्युटर आणला. त्यांनी त्यावर आठवडाभर पत्ते खेळले, मग त्यांना कंटाळा आला, आणि ते यंत्र माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायचे. मला सगळं येतं असा माझा समज होता.

मी आईच्या कॅसेट त्यावर चढवायच्या ठरवल्या.

आई गायची. लग्नाआधी ती इंदूरच्या रेडिओवर गायची, आणि मामाने त्यातले काही कार्यक्रम कॅसेटवर उतरवून ठेवले होते. लग्नानंतर ती उज्जैनला आली आणि रेडिओ सुटला. उरले आमच्या मराठी मंडळाचे गणपती, कोजागरी आणि हळदीकुंकवं. ती गाणी बाबांनी आमच्या टेपरेकॉर्डरवर भरली होती. म्हणजे बाबांना कौतुक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण मामाची कॅसेट लावली की सुरुवातीला निवेदिका आईचं माहेरचं नाव सांगायची, आणि तेवढा भाग बाबा दर वेळी पुढे पळवायचे. "गाणं ऐका ना, नाव काय ऐकायचं," म्हणायचे. सबंध लहानपणी मी ती निवेदिका फक्त चिरकताना ऐकली.

आईचं नाव लग्नात बदललं होतं. नुसतं आडनाव नाही, पाळण्यातलं नावसुद्धा. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि ते वाचून सगळे टाळ्या वाजवतात. आईच्या ताटात जे नाव उमटलं ते तिने तेव्हाच पहिल्यांदा वाचलं. हे तिने मला फार उशिरा सांगितलं, आणि तेही मेथी निवडता निवडता.

कॅसेट चढवायचं काम किचकट होतं. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसायची आणि गाणं जेवढ्या वेळाचं तेवढा वेळ गप बसायचं. मग फाईल कापायची, आणि तिच्या पोटात माहिती भरायची. प्रत्येक फाईलला रकाने असतात: गाणं कोणतं, गायक कोण, अल्बम कोणता, वर्ष कोणतं. याला टॅग म्हणतात, हे मी क्लासमध्ये मोठ्या रुबाबात शिकवत असे. मराठी अक्षरांच्या जागी तेव्हा चौकोन उमटायचे, म्हणून सगळं इंग्रजी लिपीत भरलं. मामाच्या कॅसेटवर जे नाव होतं ते त्या गाण्यांना घातलं, बाबांच्या कॅसेटवर जे होतं ते त्यांना. ज्या कॅसेटवर काहीच लिहिलं नव्हतं त्यांचे रकाने रिकामे सोडले.

सगळं झाल्यावर यादी उघडली तर तीन गायिका दिसल्या. एक कुमारी, एक सौभाग्यवती, आणि तिसऱ्या ठिकाणी यंत्राने आपल्या मनाने लिहिलेलं, अनोळखी कलाकार.

आईला बोलावून दाखवलं. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि हसली. "एकाच गळ्याच्या तीन-तीन बायका झाल्या की गं."

"सगळी गाणी एका नावाखाली यायला हवीत. कोणतं घालू?"

"बाबांना विचार तुझ्या."

मला राग आला. गळा तिचा आणि विचारायचं बाबांना. मी कॉम्प्युटरवर भेरूगढच्या छापाची जुनी चादर टाकली आणि उठले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई आपणहून माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली.

"जुनं घाल. सगळ्यांना."

"नक्की?"

"मी त्या नावाने गाणं शिकले. नंतरची पण तिचीच आहेत. ह्या नावाने मी फक्त गाऊन दाखवलं."

मी सगळी गाणी एकदम निवडली, एकदाच नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्यानंतर आईने कॉम्प्युटरची तेवढी एकच गोष्ट शिकून घेतली. दुपारी बाबा टावर चौकात मित्रांबरोबर पेपर वाचायला गेले की ती यंत्र सुरू करायची, यादी उघडायची आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर दाबायची. यादी सरकत सरकत तिच्या नावावर येऊन थांबायची. मी एकदा क्लासमधून लवकर आले तेव्हा ती बसलेली दिसली. गाणं लावलंच नव्हतं. नुसती बघत होती. मी पाऊल न वाजवता परत फाटकाशी गेले आणि कडी जोरात वाजवून आत आले.

दिवाळीला दादा आला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि खिशात मावणारा एक गाण्यांचा प्लेअर, जो तो सगळ्यांना हातात धरायला द्यायचा आणि लगेच काढून घ्यायचा. आईची गाणी कॉम्प्युटरवर आहेत हे कळल्यावर त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. मी क्लासला गेले असताना त्याने ती सगळी आपल्या लॅपटॉपवर घेतली, नीटनेटकी केली, आणि दोन्हीकडे एकसारखी राहावीत म्हणून आपली प्रत आमच्या प्रतीवर चढवली. भाऊबीज करून तो गेला. मला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नसणार.

दोन दिवसांनी मी घरी आले तर आई खुर्चीच्या कडेवर बसलेली होती, तोंड उतरलेलं.

"माझ्याकडून काही दाबलं गेलं का गं? माझं नाव येत नाहीये. दुपारपासून चार वेळा बंद करून चालू केलं."

मी बघितलं. गाणी सगळी होती. गायिकेच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता. आई.

मी पीसीओवर जाऊन दादाला फोन लावला. घरून लावला असता तर आईने ऐकलं असतं.

"अगं, आई लिहिलंय, शिवी नाही लिहिली," तो म्हणाला. "ऑफिसमध्ये प्लेअर लावला तर सगळे विचारतात, ये कौन है. ते नाव मलाच माहीत नव्हतं तर दुसऱ्यांना काय सांगू?"

"तिला विचारायचं होतंस."

"त्यात काय पूछना? आपली आई आहे ना ती? तू पण ना, फालतूमध्ये इश्यू करतेस."

आता वाटतं, तो चुकला ते प्रेमापोटी, आणि म्हणून त्याच्याशी भांडताही येईना. आई हे आमच्या बाजूचं नातं होतं. तिला त्या यादीत आमची कोणी म्हणून यायचं नव्हतं. पण हे मला तेव्हा फोनवर मांडता आलं नाही. मी नुसती ओरडले, आणि मग लाइन कट झाली.

घरी येऊन मी यंत्र सुरू करत होते तेवढ्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. दादाने घरी फोन करून त्यांना सगळं सांगितलं होतं.

"राहू दे आता," ते म्हणाले. "आई लिहिलंय ते बरोबरच आहे. रविवारी ग्वाल्हेरची मंडळी तुला बघायला येताहेत. घरात हे लफडं नको."

मी आईकडे बघितलं. तिने एकदा बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "असू दे."

मला बाबांपेक्षा तिचा जास्त राग आला, आणि त्या रागाच्या आडोशाला मी सोयीस्कर लपले. तिला म्हटलं, "रविवारनंतर परत घालते." रविवार झाला. ग्वाल्हेरच्यांना मी पसंत पडले. मग याद्या, साड्या, पत्रिका. पाच मिनिटांचं काम होतं आणि ती पाच मिनिटं मला चार महिन्यांत सापडली नाहीत. खरं तर बाबांचा मूड जाईल याला मी घाबरत होते. आईने एकदाही आठवण केली नाही. दुपारी ती आता कॉम्प्युटरजवळ बसत नसे, आणि चादरीवर धूळ बसली तरी ती झटकत नसे.

लग्नाच्या आधल्या आठवड्यात होणाऱ्या नवऱ्याने फोनवर विचारलं होतं, नाव बदलायचं आहे का, तुला कोणतं आवडेल. माणूस चांगला होता, विचारत तरी होता. मी म्हणाले, "तुम्हीच ठरवा." आईसाठी पीसीओवरून ओरडणारी मी, स्वतःच्या वेळी दोन शब्दांत मोकळी झाले.

कार्यालयातच लक्ष्मीपूजनाला ताट आलं, तांदूळ पसरले गेले. नवऱ्याने अंगठीने सावकाश, सुबक अक्षरांत नाव लिहिलं. नणंदेने ते मोठ्याने वाचलं. टाळ्या वाजल्या. बाबा सगळ्यांत जोरात वाजवत होते आणि दादा फोटो काढत होता. आई माझ्या मागे उभी होती. ती माझ्या मुंडावळ्या नीट करायच्या निमित्ताने वाकली आणि कानाशी म्हणाली, "आता तुझं पण रविवारनंतर."

मी खाली मान घातली. फोटोत ते नवरीचं लाजणं वाटतं.