कुशाबाची झील

खोडदच्या कुशाबानं चाळीस वर्षं तमाशाच्या फडात झील धरली. म्हणजे काय, तर मुख्य गायक ओळ सोडायचा आणि त्याचा दम संपायच्या आत मागे उभा असलेला कुशाबा "जी जी रं जी" म्हणत ती उचलून धरायचा. पहिली ओळ त्यानं जन्मात कधी गायली नाही. काय दिवस होते ते! बत्त्यांचा फसफसणारा उजेड, राहुटीतला पावडरीचा वास आणि वर्षातले आठ महिने गावोगाव. घर म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम.

अठ्ठ्याण्णव साली त्याची लेक रत्ना सहा वर्षांच्या आरोहीला घेऊन कायमची माघारी आली. नऊ वर्षं नवऱ्याचा मार खाल्लेला, तोही नेहमी पाठीमागून. खांदे कानाला लागलेले, श्वास गळ्यातच अडलेला. एकदा आरोहीनं मागून गळ्यात हात टाकले आणि रत्नानं तिला भिरकावून दिलं. पोरीच्या हनुवटीला तीन टाके पडले. तेव्हापासून आरोही आईच्या वाऱ्याला उभी राहीना.

"आबा," रत्ना म्हणाली, "माझीच पोर मला भिती वं."

दवाखान्यात दर गुरुवारी अमृताताई नावाच्या समुपदेशक यायच्या. रत्नाशी बोलून झाल्यावर त्या कुशाबाला म्हणाल्या, "काय झालं ते आत्ताच बोलायला लावू नका. मार अंगानं खाल्लाय, भीती अंगातच बसलीय. पाय जमिनीवर आहेत हे तिला जाणवू दे, श्वास लांबू दे. आणि त्या श्वासाला साथ देणारं एक भरवशाचं माणूस हवं."

साथ! कुशाबाची कळी खुलली. "ह्ये तर आपलंच काम हाय की, ताई!"

घरी रत्ना खळ्यात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. कुशाबा सवयीप्रमाणे तिच्या पाठीशी गेला, कानावर हात ठेवला आणि खड्या आवाजात त्यानं "जी जी रं जी!" लावलं. रत्ना किंचाळून शेंगांच्या ढिगात पालथी पडली.

पुढच्या गुरुवारी तो तोंड पाडून बसला. अमृताताई हसल्या नाहीत. "आबा, फडात गायकाला ठाऊक असतं, मागं कोण आहे ते. तिला विचारा, कुठं उभं राहू."

त्यानं विचारलं.

"त्या दुर्बिणीपाशी," रत्ना म्हणाली. रेडिओ दुर्बिणीची ती भलीमोठी ताटली शिवारापलीकडे होती, अर्धा मैल लांब.

"अगं, तिथनं ऐकू यील का?"

"तिला आभाळातलं ऐकू येतं म्हणं." कितीतरी दिवसांनी तिच्या ओठांना मुरड पडली.

अखेर बांधावरच्या बाभळीवर तोड निघाली. रोज सकाळी रत्ना खळ्यात अनवाणी उभी राहायची, टाचा रोवायची आणि सोडलेल्या श्वासावर एक लांब सूर धरायची. तो तुटायच्या आत बाभळीखालून कुशाबा हलकेच उचलायचा. तिनं हात वर केला की गप्प. बाभळीपासून विहिरीपर्यंत यायला उन्हाळा उजाडला, विहिरीपासून गोठ्यापर्यंत यायला दिवाळी.

कुशाबा गोठ्यापाशी उभा असताना एके दिवशी तिचा सूर मध्येच फुटला. मागे न वळता ती म्हणाली, "लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी पळून आले व्हते. तुमीच यष्टीत बसवून माघारी धाडलं."

कुशाबाच्या जिभेवर कारणं आली. फड, खेळाची घेतलेली सुपारी, भाऊबंद काय म्हणतील. ती त्यानं गिळली.

"व्हय, बाय. मीच धाडलं. लई चुकलं माझं. परक्यांची झील धरत फिरलो, तुझी धरली न्हाई."

रत्ना रडत राहिली. तो जागचा हलला नाही. बऱ्याच वेळानं तिचे खांदे खाली आले. "आजून दोन पावलं या," ती म्हणाली.

आरोही हे उंबऱ्यावरून रोज बघत होती. "आबा, मला शिकवा की." त्यानं तिला एवढंच शिकवलं, आधी आवाज, मग पाऊल.

मग एका सकाळी दम्यानं कुशाबाला ओसरीवरच बसवलं. रत्नाचा सूर सरत आला आणि मागून बारीक आवाज आला, "जी?"

रत्नाचे खांदे वर गेले. कुशाबा उठायला गेला, पण थांबला.

"आई, येऊ?"

रत्नानं टाचा रोवल्या. श्वास सावकाश सोडला. "ये. पावलं मोठ्यानं मोजत ये."

"एक... दोन..." नवव्या पावलाला पोरीचे हात आईच्या कमरेभोवती पडले. रत्ना थरथरली, पण हलली नाही. तिनं हात खाली नेऊन ते इवलेसे पंजे पोटाशी धरले.

ओसरीवर कुशाबाला राहवेना. त्यानं कानावर हात नेला, तोंड उघडलं.

"आबा, तुमी नगं," आईच्या पाठीला गाल लावूनच आरोही ओरडली, "आज माझा नंबर हाय!"