कोळंबीवरचा पहारा

कोळंबी पाळतात, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तोपर्यंत ती सोलतात एवढंच माहीत होतं.

आमची सून प्रज्ञा खराडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरमधल्या चुका शोधायच्या कामाला आहे. (घरी तेच काम फुकट करते.) त्या कामानं डोकं शिणतं म्हणून तिनं बिबवेवाडीच्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागी काचेची टाकी आणून ठेवली. मला वाटलं, मासे येतील. आल्या त्या तांबड्या कोळंब्या. मोठी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी, पिल्लू तिळाएवढं. मी सहज विचारलं, "ह्यांचं कालवण करायचं तर किती लागतील?" त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता माझ्याबद्दल सांगते. मी चौथी शिकले आणि मग एका बिस्किटाच्या कारखान्याच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायला तीस वर्षं उभी राहिले. शिफ्ट सुटली की एकेकीची पिशवी, डबा, ओचा तपासायचा. अंबाड्यात क्रीमचा पुडा लपवणारी बाई मी चालण्यावरून ओळखायचे. तेव्हापासून माझी नजर तशीच राहिली आहे. कुणी माझ्याशी विनाकारण गोड बोललं की मी आधी त्याच्या हातांकडे बघते.

तर त्या मे महिन्यात मिलिंद, म्हणजे माझा मुलगा, आणि प्रज्ञा दहा दिवस सिक्कीमला निघाले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण प्रज्ञानं माझ्या हातात कधी काही सोपवलं नव्हतं. तिच्या कपाटाची किल्लीसुद्धा ती ऑफिसला घेऊन जायची. या वेळी मात्र ती टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "आई, ह्या तुमच्या भरवशावर सोडून चाललेय. एकसारखा लाल रंग यायला मला दोन वर्षं लागली. फिकट पिल्लं वेगळी काढायची, लाल ठेवायची, असं करत करत. आणि आता त्यातल्या वीस-पंचवीस पोटुश्या आहेत."

तिनं दाखवलं. खरंच पोटाखाली मोहरीसारखी अंडी धरून बसल्या होत्या.

"मला काय करायचंय?"

"एक दिवसाआड ह्यातली एक गोळी टाका. पालकाचं पान उकडून टाकलं तरी चालेल. पंख्यानं पाणी आटतं, ते ह्या निळ्या रेघेपर्यंत भरायचं. बाल्कनीत दोन बादल्या भरून ठेवल्यात, त्यातलंच घाला. नळाचं अजिबात नको."

"एवढंच?"

"एवढंच. आणि उद्या मम्मी येतेय नागपूरहून, तुम्हाला सोबत."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. भरवसा माझ्यावर, आणि सोबतीला स्वतःची आई. कारखान्यातही एका पहारेकरणीवर दुसरी पहारेकरीण ठेवत असत.

विहीणबाई नागपूरला हेडबाई होत्या. रिटायर झाल्या तरी बसतात अजून टेबलामागं बसल्यासारख्या. बोलतात कमी, बघतात जास्त. (अशा बाईची पिशवी आम्ही फाटकावर आधी उघडायचो.) आल्या त्या मला "कशा आहात ताई" म्हणाल्या आणि सरळ टाकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पिशवीला सुक्या मासळीचा वास येत होता. मी नोंद घेतली.

दुसऱ्याच दिवशी टाकीच्या तळाशी एक कोळंबी पडलेली दिसली. पांढरी, आरपार दिसणारी. मिशा, पाय, शेपूट सगळं जागच्या जागी, फक्त आतला माल गायब.

"विहीणबाई, हे बघा. कुणीतरी हिला आतून खाल्लंय."

"कात टाकली असेल तिनं."

"कात साप टाकतो."

"झिंगेही टाकतात, ताई."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बत्तीस वर्षं शिकवलं आहे ना मी."

ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं, त्याच्यावर मी डोळा ठेवते. मी त्या दिवसापासून टाकीसमोर खुर्ची टाकली.

पाण्याचं म्हणाल तर बाल्कनीतल्या एका बादलीत कबुतराचं पीस तरंगत होतं आणि पिसाच्या आजूबाजूला आणखीही बरंच काही. असलं पाणी मी पाय धुवायला घेणार नाही, मग दुसऱ्याच्या पोटुश्या लेकीबाळींना कसं देणार? ती बादली मोगऱ्याच्या कुंडीत ओतली. दुसऱ्या बादलीवर विहीणबाईंनी आल्या आल्या परात झाकली होती. ती का झाकली, हे मला कळलं नाही, म्हणून त्या बादलीवरही माझा विश्वास नव्हता. मी टाकीत घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घातलं, जे मी स्वतः पिते ते. रोज सकाळी, रेघेपर्यंत, न चुकता.

आणि रोज सकाळी कोळंब्या कमी होऊ लागल्या.

मी पालकाच्या पानावर मोजायचे. पहिल्यांदा पान टाकलं तेव्हा चाळीस जमल्या होत्या. पुढच्या पानावर सव्वीस. त्याच्या पुढच्या पानावर चौदा. मेलेली म्हणावी तर कुठे एखादी आडवी दिसायची, ती चहा पिऊन येईपर्यंत नाहीशी. प्रेतच नाही म्हटल्यावर मेली कसं म्हणायचं? म्हणजे चोरी. मला एकदम बरं वाटलं. चोरी माझ्या ओळखीची आहे.

पहिला संशय कामाला येणाऱ्या मंगलवर.

"मंगल, टाकीला हात लावलास?"

"आजी, ते किडे बघून माझ्या अंगावर काटा येतो. मी त्या कोपऱ्यातला केरसुद्धा काढत नाही."

मी कोपरा बघितला. ती खरं बोलत होती. तिला सोडून दिलं.

राहता राहिल्या विहीणबाई. त्यांचं वागणं तर दिवसेंदिवस जास्तच चांगलं होत चाललं होतं. माझी तांब्याची कळशी रोज संध्याकाळी चिंच-मीठ लावून घासायच्या, इतकी की आरशात बघावं तसं तोंड दिसायचं. पाहुणी बाई न सांगता रोज कळशी घासते, म्हणजे तिला काहीतरी झाकायचं असतं. त्या अंघोळीला गेल्या की मी त्यांची पिशवी उघडली. झडती ती झडती, त्यात नातं बघायचं नसतं. आत वाळवलेल्या झिंग्यांची मोठी पुडी. एकेक उजेडात धरून पाहिला. रंग जुळत नव्हता, पण वाळल्यावर रंग उतरतोच. मी पुरावा म्हणून पुडी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली.

"ताई, लेकीसाठी झिंगे आणले होते, ती पुडी दिसून नाही राहिली."

"कसली पुडी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं, नापास मुलीकडे बघावं तसं.

आमच्या घरात सकाळी वंदना होते. मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची, पंचशील म्हणायचं. प्राणी मारणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. आम्ही दोघी शेजारी शेजारी हात जोडून बसायचो. दुसरं शील आलं की मी आवाज चढवायचे आणि विहीणबाईंच्या बाजूला मान वळवायचे, म्हणजे ज्याचं त्याला कळावं. गंमत अशी की त्याही पहिलं शील मोठ्यानं म्हणायला लागल्या, तेही माझ्याकडे बघून. मला काही केल्या कळेना, ही बाई मला का ऐकवते. वंदना झाली की मी उठून टाकीत पाणी घालायचे.

मध्येच प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला. मागे डोंगर, पुढे टोपी घातलेली ती.

"आई, बऱ्या आहेत ना सगळ्या?"

त्या वेळी मला मोजून बारा दिसत होत्या. आठ वर्षांत पहिल्यांदा सुनेनं विश्वास टाकला होता. चोर हातात आल्याशिवाय बोलून उपयोग नव्हता.

"आहेत की. खेळतायत," मी म्हणाले, आणि फोन हिरव्या शेवाळाकडे धरला.

सुटी संपायला दोन दिवस राहिले असताना विहीणबाई बाजारात गेल्या आणि मी त्यांच्या पलंगाखाली वाकले. (माझी चप्पल शोधायला. माझी चप्पल दाराबाहेर होती.) मागच्या पायाशी लोणच्याची काचेची बरणी, तोंडाला पातळ फडकं बांधलेलं. फडकं सोडलं. आत टाकीतलं शेवाळ, आणि शेवाळात ठणठणीत, लालभडक, पोटुश्या कोळंब्या. तेवीस.

तीस वर्षांत फाटकावर मला एवढा माल एकदम सापडला नव्हता. मला अक्षरशः कारखान्याचा भोंगा ऐकू आला.

विहीणबाई परत येऊन मेथी निवडायला बसेपर्यंत मी दम धरला. मग बरणी त्यांच्यासमोर ठेवली, प्रज्ञाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"प्रज्ञा, बसली आहेस ना? तुझ्या टाकीत चोरी होत होती. बोलले नाही, पण आता टाकीत दहा-बारा राहिल्यात. चोर सापडला."

"दहा-बारा? आई, काय बोलताय? कोण चोर?"

"तुझी आई."

इथे मेथीची एक काडी मोडल्याचा आवाज आला.

"मम्मी?"

"हो, मी काढल्या," विहीणबाई म्हणाल्या. "पोटुश्या होत्या तेवढ्या वेचून काढल्या. झाकलेल्या बादलीतल्या पाण्यात ठेवल्या."

"पण का?"

"ताईंनी पाणी घातलं की सगळ्या सैरावैरा पळून राहिल्या होत्या. मग एकेक आडवी पडून राहिली होती. कारण मला नाही समजलं. पण पाणी घातल्यावरच होते, एवढं समजलं."

"मग मला सांगायचं होतंत," मी म्हणाले.

"बोलले असते तर ऐकलं असतं का तुम्ही?"

फोनमधून प्रज्ञाचा आवाज आला, अगदी हळू. "आई, तुम्ही पाणी कुठलं घातलंत?"

"चांगलं घातलं."

"चांगलं म्हणजे?"

"मी पिते ते. कळशीतलं. रात्रभर तांब्यात ठेवलेलं. बागेतल्या योगाच्या बाई म्हणतात, त्यानं शंभर वर्षं..."

"आई," मिलिंदनं फोन घेतला होता, "तांबं म्हणजे कोळंबीला विष असतं गं. थोडंसुद्धा."

"मग योगाच्या बाई खोटं सांगतात?"

"योगाच्या बाई कोळंबी आहेत का?"

मी खुर्चीत बसले. तरी सवय जाईना. "मग मेलेल्या कुठे गेल्या? प्रेतं नकोत का?"

"बाकीच्या खातात त्यांना," तो म्हणाला.

म्हणजे पुरावा साक्षीदारांनीच खाल्ला होता, आणि मी खुर्ची टाकून, हातात कळशीतल्या पाण्याचा पेला घेऊन, स्वतःवरच पहारा देत होते.

"नुसत्या तांब्यानं इतक्या लवकर जाणार नाहीत खरं तर," मिलिंद पुढे म्हणाला. "कळशी कुणी चिंचेनं वगैरे घासत होतं का? त्यानं जास्त उतरतं."

मेथी निवडणारे हात थांबले. इतक्या दिवसांत विहीणबाईंकडे पहिल्यांदाच उत्तर तयार नव्हतं. माझ्यासाठी त्या दिवसातलं तेवढंच समाधान.

दोघं परत आले. बॅगा दारात टाकून प्रज्ञा बरणीसमोर जमिनीवर बसली. बरणीत तोवर तिळाएवढी पिल्लं फिरायला लागली होती, शंभर तरी. टाकीत अकरा उरल्या होत्या. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना तुमच्या पिण्यातलं पाणी दिलंत?"

"मग काय कबुतराचं देऊ?"

तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती ते मी बघितलं नाही. मी तांदळाच्या डब्यातून पुडी काढायला गेले होते. ती मी विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "तांदळाला लागला असेल."

"लागलाय," मी म्हणाले. पंधरा दिवस आमच्याकडे साध्या भातालाही झिंग्याचा वास येत होता.

आता विहीणबाई दर मे महिन्यात येतात आणि सकाळी वंदनेला शेजारी बसतात. पहिलं शील आलं की त्यांना खोकला येतो. दुसऱ्याला त्या स्वतःची पिशवी जवळ ओढतात. चौथ्याला आतल्या खोलीतून प्रज्ञा म्हणते, "खेळतायत." तिसऱ्याबद्दल या वयात कुणी संशयही घेत नाही, हा आणखी एक अपमान. राहिलं पाचवं, दारूचं. ते तेवढं मी ताठ मानेनं म्हणते.

यंदा ते दोघं केरळला निघाले. टाकीचं सगळं विहीणबाईंना समजावून झालं आणि प्रज्ञा माझ्याकडे आली. तिनं कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आई, हे तुमच्या भरवशावर."

लग्नानंतर दहा वर्षांनी मिळाली होती. तरी मी विचारलंच, "आत काय आहे?"

"कपडे आहेत," ती म्हणाली. "जिवंत असं काही नाही."