चाकाचे साठ फेरे

गावात सगळे त्याला चाकमामा म्हणत. बंदरावरून शहराकडे जाणाऱ्या तेलाच्या नळाचं मोठं लोखंडी चाक फिरवायचं, एवढंच काम त्याने तीस वर्षं केलं. साठ फेरे उजवीकडे की नळ बंद, साठ डावीकडे की चालू. यात कसलं आलंय शौर्य! पण गडी इमानाने फिरवायचा.

हाच नळ खाडीत फुटला तेव्हा त्याने कचेरीत तीनदा कळवलं. "पुढच्या आठवड्यात बघू, पुरवठा थांबता कामा नये," साहेब म्हणाले. चौथ्या दिवशी काठावर मेलेल्या माशांचा खच पडला. चवताळलेले लोक साहेबांपर्यंत पोचले नाहीत, तिथे फाटक होतं. चाकमामाच्या खोलीला नुसती कडी. त्यांनी त्याला फरफटत बाहेर काढलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवलं. सगळ्यांच्या पुढे त्याचा सख्खा मेहुणा, खाडीत जाळी टाकून पोट भरणारा. त्याने वल्ह्याचा दांडा असा हाणला की दाजीच्या दोन बरगड्या मोडल्या.

"आमच्या पोटावर पाय दिलास!" तो किंचाळत होता.

हे मात्र चाकमामाच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी छातीला फडकं आवळून तो उठला. चाकात पहार अडकवून, रक्त थुंकत, त्याने दुपारपर्यंत एकट्याने साठ फेरे पुरे केले आणि वर साखळी घालून कुलूप ठोकलं. साहेबांनी हात झटकले. चावी त्याच्याकडे आहे, असं त्यांनी लोकांना सांगून टाकलं.

तीन दिवसांत डिझेलचे पंप कोरडे पडले आणि तीच माणसं पुन्हा आली. मास्तर, दूधवाला, दवाखान्यातली नर्स, झाडून सगळे. पहिला दगड मास्तरांचा. त्याने चाकमामाची भुवई फोडली. दूधवाल्याने त्याचा हात चौकटीवर दाबून धरला आणि कोणीतरी त्यावर हातोडा घातला.

"चावी दे, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याच्या हातात डिझेलचा रिकामा कॅन होता.

"अरे, नळ तसाच फुटका आहे. उघडलास तर खाडी पुन्हा मरेल."

"माहितीये! इथे मासा उरला नाही म्हणून तर लांब समुद्रात जायचंय. होडी काय तुझ्या उपदेशावर चालवू?"

"सगळ्यांना माहितीये?" चाकमामाने रक्ताळलेल्या डोळ्याने गर्दीकडे पाहिलं. कोणीही मान खाली घातली नाही. निर्लज्ज कुठले! मग त्याने खिशातून चावी काढून जमिनीवर टाकली. "माझा हात तुम्ही मोडलात. आता तुमचे लावा."

त्यांनी लावले. आठ-आठ जण चाकाला भिडले, नर्ससुद्धा. फेरे मोजत, हसत, एकमेकांना ढकलत त्यांनी साठ पुरे केले. नळ घरघरला. आरोळी उठली आणि गर्दी कॅन घेऊन पंपाकडे पळत सुटली.

मेहुणा तेवढा मागे राहिला. खाडीकडून तेलाचा दर्प यायला लागला होता. त्याने घाबऱ्याघुबऱ्या चाक पकडलं.

"दाजी, बंद करायला उलटंच फिरवायचं ना?"

चाकमामाने चांगल्या हाताने उजवीकडे बोट दाखवलं. मेहुण्याने सगळा जोर लावला, चाक जेमतेम चार फेरे फिरलं. त्याने तिथूनच पंपाच्या दिशेने हाकांवर हाका मारल्या. रांगेतल्या एकानेही आपली जागा सोडली नाही.

तो घटकाभर चाकापाशी धापा टाकत उभा राहिला. मग त्याने आपला कॅन उचलला आणि रांगेत जाऊन शेवटचा उभा राहिला.